देवाची निवड व तारणाची खात्री

शास्त्रपाठ : इफिसकरांस १:३–१४, योहान ६:२४–४०, २ पेत्र १:३–११.



गावोगावच्या लहान मंडळ्यांत शास्त्राचे शिक्षण देणाऱ्या सेवकांस एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. तो भर सभेत सहसा कोणी विचारीत नाही. आजाऱ्याच्या खाटेजवळ, मूल दगावलेल्या घरात, अथवा धान वाळून गेलेल्या वर्षी तो हलक्या आवाजात विचारला जातो : “देवाने आपले लोक जगाच्या आरंभापूर्वीच निवडले असतील, तर त्यांत मी आहे काय? आणि नसलो, तर माझी प्रार्थना व माझा बाप्तिस्मा ह्यांचा काय उपयोग?”

हा प्रश्न रिकाम्या कुतूहलाचा नव्हे. ह्याचे उत्तर चुकले तर एक मनुष्य निराश होऊन मंडळीपासून दूर जातो, व दुसरा “मी तर निवडलेलाच आहे” असे म्हणून पापात निश्चिंत राहतो. यास्तव शिकविणाऱ्याने हा विषय टाळूही नये व उथळपणे हाताळूही नये. आजच्या धड्यात आपण एकच गोष्ट मनात ठसवून घेऊ. ती ही की, देवाची निवड हे उघडून पाहावयाचे गुप्त पुस्तक नसून, ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाच्या पायाखालचा खडक आहे. जो ख्रिस्तास सोडून निवडीचा शोध करितो त्यास ती कधी सापडत नाही. जो ख्रिस्तास धरितो त्यास ती मिळालेलीच असते.

१. निवड म्हणजे ललाटलेख नव्हे

आपल्या देशात अशी समजूत फार जुनी आहे की, बाळ जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, आणि ते लेखन कोणास वाचता येत नाही व पुसताही येत नाही. ही समजूत सोडून आलेल्या कुटुंबांतही तिची सावली पुष्कळदा उरते. मग इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय वाचला म्हणजे ऐकणाऱ्यास वाटते, “हे तर तेच झाले, सटवाईच्या जागी देव बसला, एवढाच फरक.”

परंतु फरक एवढाच नाही. ललाटलेखाच्या मागे प्रीती नाही. त्याचा लिहिणारा कोणावर माया करीत नाही, कोणासाठी रडत नाही, कोणासाठी मरत नाही. पौल ज्या निवडीविषयी बोलतो ती ख्रिस्तामध्ये झालेली आहे. ज्या देवाने आपला पुत्र दिला त्याच पित्याची ती निवड होय. ललाटलेख सांगतो की तुला अमुक भोगावे लागेल. पौल सांगतो की, आपण पवित्र व निर्दोष व्हावे आणि देवाची लेकरे म्हणून त्याच्या घरात यावे ह्यासाठी आपली निवड झाली.

तसेच ही निवड जातीसारखीही नाही. जात जन्माने येते, व एक वर तर दुसरा खाली असे ठरविते. परंतु करिंथ येथील मंडळीस पौलाने आठवण दिली की, तिच्यात जगाच्या मते ज्ञानी, बलवान किंवा कुलीन असे थोडेच होते. देवाने दुर्बळ व हीन लेखिलेल्यांस निवडले, तेणेकरून कोणी देवासमोर बढाई मारू नये (१ करिंथ १:२६–२९). ज्यांच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांनी हे वचन विसरू नये. आणि ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांनीही लक्षात ठेवावे की, देवाची लेकरे रक्ताने किंवा कुळाने होत नाहीत (योहान १:१३). आपल्या आजोबांचा बाप्तिस्मा हा आपल्या तारणाचा दाखला नव्हे.

२. देवाने का निवडिले व कशासाठी निवडिले

इस्राएल लोकांस मोशेने स्पष्ट सांगितले की, ते संख्येने मोठे होते म्हणून देवाने त्यांस निवडिले नाही. ते तर सर्वांत थोडे होते. देवाने त्यांच्यावर प्रीती केली व पूर्वजांस दिलेले वचन पाळिले, एवढेच कारण (अनुवाद ७:७–८). निवडीचे कारण निवडलेल्यात शोधू लागले की एक तर गर्व उपजतो, नाही तर निराशा. ते देवाच्या प्रीतीतच आहे.

आता हेतू पाहा. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देवाने इस्राएलास सांगितले की, मी तुम्हांसच ओळखिले आहे, म्हणूनच तुमच्या अपराधांचा झाडा मी घेईन (आमोस ३:२). म्हणजे निवडीने सूट मिळत नाही, जबाबदारी वाढते. येशूनेही शिष्यांस सांगितले की, तुम्ही मला नव्हे, मी तुम्हांस निवडिले. आणि लागलीच हेतू सांगितला, की त्यांनी जाऊन फळ द्यावे व ते फळ टिकावे (योहान १५:१६). अब्राहामास बोलाविले ते सर्व कुळांस आशीर्वाद मिळावा म्हणून. ज्यास देव निवडितो त्यास तो दुसऱ्यांकडे पाठवितो. जो आपल्या निवडीचा आनंद मानून शेजाऱ्याचा तिरस्कार करितो, त्यास निवडीचा अर्थ कळलाच नाही.

३. मंडळ्यांतील मतभेद

ह्या विषयावर थोर व भक्तिमान माणसांचेही एकमत झालेले नाही, हे शिक्षकाने ठाऊक असू द्यावे. आपल्या बाजूस सुवार्ता आणणाऱ्यांत स्कॉटलंडची मंडळी प्रमुख होती. तिचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपुरास आले, आणि पुढे भंडाऱ्यातही स्कॉटिश मिशनने काम केले. ह्या मंडळीचा विश्वासाचा पत्रक म्हणजे १६४६ साली लंडनात वेस्टमिन्स्टर येथे तयार झालेला. तारण आरंभापासून शेवटपर्यंत देवाच्या सार्वभौम कृपेनेच होते, व निवड मनुष्याच्या गुणांवर अवलंबून नाही, हे त्याचे शिक्षण. तथापि त्याच पत्रकात दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या विसरल्या जातात. पहिली ही की, हा विषय फार गूढ असल्याने तो विशेष सावधगिरीने शिकवावा. दुसरी ही की, खरा विश्वास असूनही खात्री लाभण्यास मनुष्यास पुष्कळ काळ थांबावे व झगडावे लागू शकते. खात्री नाही म्हणून विश्वासच नाही, असे तो पत्रक म्हणत नाही.

मेथॉडिस्ट मंडळ्यांचे आद्य पुढारी जॉन वेस्ली ह्यांचे निवडीविषयीचे मत निराळे होते. देवाची कृपा सर्वांस खुली आहे व मनुष्याने ती स्वीकारावी अथवा नाकारावी, असे ते शिकवीत. त्यांचे स्नेही जॉर्ज व्हाइटफील्ड निवडीचे मत मानीत. दोघांत तीव्र वाद झाला. परंतु १७७० साली व्हाइटफील्ड वारले तेव्हा लंडनात त्यांच्या स्मरणार्थ उपदेश केला तो वेस्ली ह्यांनीच. आपल्या नागपुरातही २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरेतून आलेले व ब्रिटिश मेथॉडिस्ट परंपरेतून आलेले एकाच मंडळीत बसले. यावरून आपणही शिकावे. तारण कृपेने होते, व जो कोणी ख्रिस्ताकडे येतो त्याचे तारण होते, ह्या दोन गोष्टींविषयी दोन्ही पक्षांत वाद नव्हता. गावातील मंडळीने आधी ह्या दोन गोष्टी घट्ट धराव्यात. उरलेले गूढ देवाकडे सोपवावे, कारण गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत व प्रकट केलेल्या आपल्या आहेत, असे मोशेचे शिक्षण आहे (अनुवाद २९:२९).

एकाने येशूस विचारिले की, तारण पावणारे थोडेच आहेत काय? प्रभूने त्यास संख्या सांगितली नाही. अरुंद दाराने आत जाण्याचा नेट करा, असे तो म्हणाला (लूक १३:२३–२४). प्रश्न इतरांविषयी होता. उत्तर विचारणाऱ्याच्या पायांविषयी आले.

४. खात्री कशावर उभी आहे

सानगडीस जुना किल्ला आहे. पूर्वी संकटकाळी अशा किल्ल्यांचा आसरा घेणारांत कोणी धीट असत, कोणी भित्रे. धीट मनुष्य रात्री निजे. भित्र्याचा ऊर धडधडे. परंतु त्याचा ऊर धडधडे म्हणून त्याच्या बाजूची भिंत पातळ होत नसे. दोघांचे रक्षण भिंतीने होई, आणि दोघांत महत्त्वाची गोष्ट एवढीच की दोघेही आत होते.

तारणाची खात्रीही अशीच आहे. पुष्कळ जण आपल्या मनाच्या स्थितीवर ती उभी करू पाहतात. प्रार्थनेत डोळे भरून आले तर “मी देवाचा आहे” असे त्यांस वाटते, आणि दुसऱ्या दिवशी मन कोरडे पडले की सर्व गेलेसे वाटते. परंतु येशूचे वचन आपल्या अश्रूंविषयी नाही. जो त्याच्याकडे येतो त्यास तो मुळीच बाहेर घालविणार नाही, हे त्याचे वचन आहे (योहान ६:३७). आपल्या मेंढरांस कोणी त्याच्या हातातून, अथवा पित्याच्या हातातून, हिसकावून घेणार नाही, हेही त्याचेच वचन (योहान १०:२८–२९). लेकराने बापाचे बोट धरिले असेल तर ते सुटू शकते. बापाने लेकराचा हात धरिला असेल तर गोष्ट निराळी. आणि आपले अंतःकरण आपणांस दोषी ठरविते तेव्हा देव आपल्या अंतःकरणाहून मोठा आहे, असे योहान लिहितो (१ योहान ३:२०).

येथे आणखी एका दुःखाविषयी बोलले पाहिजे. १८९६–९७ व १८९९–१९०० ह्या दोन मोठ्या दुष्काळांत महाराष्ट्रात व मध्यप्रांतात पुष्कळ पोरक्या मुलांस व उपाशी कुटुंबांस मिशनच्या आश्रयास यावे लागले. त्यांतील कित्येकांनी पुढे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या वंशजांस “तुम्ही पोटासाठी ख्रिस्ती झालात” असा टोमणा ऐकावा लागतो. आणि कधी कधी तो टोमणा त्यांच्या स्वतःच्या मनातच घर करितो. भुकेने आलेल्यास निवडलेला कसे म्हणावे, असे त्यांस वाटते.

त्यांनी योहानाचा सहावा अध्याय सावकाश वाचावा. जे लोक येशूस शोधीत कफर्णहूमास आले ते भाकरीसाठीच आले होते, आणि येशूने तसे त्यांच्या तोंडावर सांगितले (६:२६). तरी त्याने त्यांस हाकलून दिले नाही. नाश न पावणाऱ्या अन्नाविषयी तो त्यांच्याशी बोलला, आणि आपल्याकडे येणाऱ्यास मी घालविणार नाही हे अभिवचन त्याने त्याच भाकरीसाठी आलेल्या लोकांपुढे उच्चारिले. उधळ्या पुत्रासही बापाचे घर आठवले ते भुकेनेच (लूक १५:१७). बापाने दारात त्यास विचारिले नाही की तू प्रीतीने आलास की पोटासाठी. मनुष्य कोणत्या वाटेने आला हे देवापुढे शेवटचे नाही. तो कोणाकडे आला व तेथे राहिला काय, हे महत्त्वाचे आहे.

५. पंडिता रमाबाईंची साक्ष

आपल्या भाषेच्या लोकांत ह्या विषयाचे फार बोधक उदाहरण पंडिता रमाबाई ह्यांचे आहे. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. लहानपणापासून त्यांनी मातापित्यांबरोबर तीर्थयात्रा केल्या, व संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केले. दुष्काळात मातापिता गमावून, पुढे भाऊ व पतीही गमावून, त्या १८८३ साली इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी व त्यांच्या लहान कन्येने बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडिले, व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले.

इतके झाले तरी त्यांच्या मनास विसावा नव्हता. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, ख्रिस्ती धर्म आपणांस सापडला होता, परंतु त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. विल्यम हॅसलम नामक इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांनी वाचिले. पुष्कळ दिवस पाळकाचे काम करूनही आपले अंतःकरण पालटले नव्हते, असे त्या गृहस्थाने त्यात लिहिले होते. ते वाचून रमाबाईंनी आपली परीक्षा केली. शेवटी बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्या योग्यतेचा विचार सोडून त्यांनी स्वतःस ख्रिस्तावर टाकिले, आणि तेव्हा त्यांस शांती लाभली.

ह्या वृत्तांतातून तीन गोष्टी घ्याव्या. पहिली, थोर विदुषीलाही खात्रीसाठी आठ वर्षे लागली. म्हणून ज्यास अजून खात्री नाही त्याने लाजू नये, खचू नये. दुसरी, त्यांस खात्री लाभली ती देवाच्या गुप्त नोंदवहीत आपले नाव वाचून नव्हे, तर सर्वांस ऐकू येणारे ख्रिस्ताचे बोलावणे आपलेसे करून. तिसरी, ती खात्री निष्फळ राहिली नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या. तेव्हा भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी नेल्या; पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांचे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे हिब्रू व ग्रीक मूळ भाषांवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात त्यांनी उरलेले आयुष्य घालविले, आणि ते काम संपवून १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. ज्यास आपल्या तारणाची काळजी उरली नाही, त्यास दुसऱ्याची काळजी करण्यास हात मोकळे होतात.

६. फळावरून ओळख

मग पेत्र असे का लिहितो की, आपले पाचारण व निवड दृढ करण्याचा अधिक प्रयत्न करा (२ पेत्र १:१०)? देवाची निवड मनुष्याने दृढ करावी काय? देवाच्या बाजूने ती दृढच आहे. आपल्या बाजूने, म्हणजे आपल्या जाणिवेत, ती दृढ व्हावयाची असते. त्यासाठी पेत्राने पायऱ्या दिल्या आहेत : विश्वासास सद्गुणाची, मग ज्ञानाची, इंद्रियदमनाची, धीराची, सुभक्तीची, बंधुप्रेमाची व प्रीतीची जोड. थेस्सलनीका येथील लोक निवडलेले आहेत हे पौलाने कशावरून ओळखिले? ते मूर्तींपासून देवाकडे वळले, आणि संकटातही आनंदाने वचन धरून राहिले, ह्यावरून (१ थेस्स. १:४–१०).

सानगडीच्या आसपासचा मुलूख धानाचा व तळ्यांचा आहे. तेथील लोकांस हे समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. पऱ्हे उपटून रोवणी केली म्हणजे रोप पहिले काही दिवस पिवळे पडते व मान टाकते. ते रोप स्वतः होऊन बांधीत आले नाही. रोवणाऱ्याच्या हाताने आले. म्हणून शहाणा शेतकरी त्याचा पिवळेपणा पाहून ते पुन्हा उपटीत नाही, मूळ धरिले की नाही हे पाहत बसत नाही. तसे करील तर धरीत असलेले मूळही तुटेल. तो पाणी राखितो, निंदण करितो, व नव्या हिरव्या पानाची वाट पाहतो. नव्या विश्वासणाऱ्याने आपल्या आत्म्याविषयी असेच वागावे. रोज आपले मूळ उपटून पाहू नये. वचनाचे व प्रार्थनेचे पाणी राखावे, पापाचे तण काढावे. हिरवे पान आले म्हणजे मूळ धरिल्याचे आपोआप कळते. परंतु मळणीचा हंगाम आला तरी ज्यावर एक लोंबही नाही, त्याने मात्र “मी रोवलेला आहे” एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

७. शिकविणाऱ्यांस चार सूचना

पहिली : कोणासही “तू निवडलेला नाहीस” असे सांगू नये. असा अधिकार देवाने कोणा मनुष्यास दिलेला नाही.

दुसरी : आजार, मृत्यू व पिकाचे नुकसान ह्यांवरून देवाच्या निवडीचा निर्णय करू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी तसा निर्णय केला, व प्रभूने तो नाकारिला (योहान ९:१–३). स्टीफन हिस्लॉप ह्यांनी अठरा वर्षे नागपुरात सेवा केली, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी बोरी गावानजीक पूर आलेल्या ओढ्यात ते बुडून वारले. त्यावरून देवाने त्यांस टाकिले असे कोण म्हणेल? पौलाने रोमकरांस लिहिताना क्लेश, उपासमार, नग्नता व तलवार ह्यांची यादी दिली ती निवडलेल्यांवर हे येणार नाही असे सांगण्यासाठी नव्हे. आले तरी ते ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपणांस वेगळे करणार नाही, हे सांगण्यासाठी (रोम ८:३५–३९).

तिसरी : जो जाणूनबुजून पापात राहतो, दारू पिऊन बायकोस मारितो, किंवा भावाचा वाटा गिळतो, त्यास खात्रीचे गोड वचन घाईने देऊ नये. त्यास पश्चात्तापाचे बोलावणे द्यावे. तेही प्रेमाचेच काम आहे.

चौथी : निवडीच्या मतामुळे सुवार्ता सांगण्यात ढिलाई करू नये. करिंथात पौल भ्याला होता, तेव्हा प्रभूने त्यास दर्शन देऊन सांगितले की, बोलत राहा, ह्या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत (प्रे. कृत्ये १८:९–१०). ते लोक कोण हे पौलास ठाऊक नव्हते. म्हणून तो दीड वर्ष सर्वांस सांगत राहिला. आपणही आपल्या गावात तसेच करावे.

ज्यास आज रात्री शंका सतावीत असेल त्याने “मी निवडलेला आहे काय?” हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा, व दुसरा प्रश्न आपणांस विचारावा : “ख्रिस्त मला बोलावीत आहे, मी त्याच्याकडे जातो काय?” ह्या प्रश्नाचे उत्तर देणे त्याच्या हाती आहे. जो “होय, प्रभू, जातो, माझा अविश्वास घालवून टाक” एवढेच म्हणतो, त्याने आतल्या बाजूस पाऊल टाकिले. आत गेल्यावर त्यास कळेल की, आपण येण्यापूर्वीच आपली वाट पाहिली जात होती.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. ललाटलेख व देवाची निवड ह्यांत कोणते भेद आहेत? निदान तीन सांगा.

२. आमोस ३:२ व योहान १५:१६ ह्यांवरून निवडीचा हेतू काय दिसतो?

३. भाकरीसाठी आलेल्या लोकांशी येशू कसा वागला? ह्यावरून दुष्काळात मंडळीत आलेल्यांविषयी आपण काय म्हणावे?

४. बाप्तिस्मा झाला तरी पंडिता रमाबाईंस शांती का नव्हती? ती कशी लाभली?

५. आजाऱ्याने विचारिले की, “देवाने मला टाकिले काय?” तर तुम्ही त्यास कोणती वचने वाचून दाखवाल?

घरी करावयाचे काम : योहान ६:३७ व १ योहान ५:१३ ही वचने पाठ करावीत, आणि ह्या आठवड्यात खात्रीवाचून कष्टी असलेल्या एका तरी घरी जाऊन ती त्यांजबरोबर वाचावीत.